वाचकांचे प्रश्न : कोडिंग कुठे शिकावे, शिष्यवृत्ती कुठे शोधावी

प्रवेशाचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या वेळी पुणे शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत दोन विषय पुन्हा पुन्हा आले आहेत : प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या ऑनलाइन साधनांपैकी कोणते निवडावे, आणि शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी शिष्यवृत्ती नेमकी कुठे शोधावी. पुष्कळ पत्रांत हे दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाचे आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. मैत्रिणी तिला फ्रीकोडकॅम्प, सीएस५०, एनपीटेल, ओडिन प्रोजेक्ट अशी निरनिराळी नावे सांगतात. तिने दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवले, पण एकही अभ्यासक्रम पुरा झाला नाही. यांतले कोणते चांगले? आणि चॅटबॉटची मदत घेतली तर चालेल का? — एक पालक, बिबवेवाडी

उत्तर : तिच्या चिकाटीबद्दल शंका घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपण लिहिलेली चारही नावे चांगली आहेत, पण ती चार वेगवेगळ्या गरजांच्या विद्यार्थ्यांसाठी उभी केलेली आहेत, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी शिकू लागलेला नवखा विद्यार्थी बहुधा दोन्हीकडे अडकतो.

साधन निवडताना आम्ही सर्वांत आधी हे पाहतो की विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने कोड लिहावा लागतो का, आणि तो चुकला तर कुठे चुकला हे त्याला तिथेच कळते का. शिकवणारे किती नामांकित आहेत, व्हिडिओ किती तासांचे आहेत, प्रमाणपत्र मिळते का, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत. उदाहरण म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला अगदी पहिला सराव घ्या : वापरणाऱ्याला दोन आकडे विचारायचे आणि त्यांची बेरीज छापायची. व्हिडिओत पाहताना हे इतके सोपे वाटते की वहीत उतरवून घेण्याचीही गरज भासत नाही. तोच प्रोग्रॅम विद्यार्थिनी स्वतः लिहिते, ५ आणि ७ हे आकडे देते, आणि पडद्यावर १२ ऐवजी ५७ उमटते. 'इनपुट'मधून आलेले सारे काही पायथन मजकूर म्हणून धरतो, आणि मजकुराला मजकूर जोडला की दोन्ही एकापुढे एक येतात, ही गोष्ट त्या ५७ मुळे जी ध्यानात राहते ती कितीही व्याख्याने ऐकून राहत नाही. मग ती दोन्ही आकड्यांना 'इंट', म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारा आदेश, लावते आणि १२ मिळवते. ज्या साधनावर अशा चुका करायला आणि त्या सुधारायला भरपूर वाव आहे, ते चांगले साधन.

या कसोटीवर फ्रीकोडकॅम्प बरेच वर येते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या ना-नफा संस्थेचे शिक्षण आणि प्रमाणपत्र दोन्ही विनामूल्य आहेत, ब्राउझरमध्येच कोड लिहिता येतो, आणि प्रत्येक पायरीवर तपासणी होऊन काय राहिले ते सांगितले जाते. वेबपाने, जावास्क्रिप्ट आणि पायथन यांची सुरुवात करण्यासाठी ते सोयीचे आहे. त्यातली उणीव अशी की पायऱ्या फार लहान आहेत. सांगितलेली ओळ सांगितलेल्या जागी लिहून विद्यार्थी झपाझप पुढे जातो आणि कोऱ्या पानावर स्वतःहून काही लिहायची वेळ आली की थबकतो. त्यामुळे तिथे ठरवून दिलेले प्रकल्प टाळून चालत नाही. खरे शिक्षण त्या प्रकल्पांतच होते.

सीएस५० हा हार्वर्ड विद्यापीठाचा, प्राध्यापक डेव्हिड मॅलन शिकवतात तो अभ्यासक्रम. चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या स्क्रॅचपासून सुरुवात होऊन सी, मग पायथन, एसक्यूएल (माहितीसाठ्यातून माहिती काढण्याची भाषा) आणि वेब असा त्याचा क्रम आहे. व्याख्याने अतिशय रंजक आहेत, पण प्रत्येक आठवड्याचे प्रश्न चांगलेच कठीण असतात आणि त्यांना व्याख्यानापेक्षा कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो. लिहिलेला कोड आपोआप तपासला जाण्याची सोय आहे. एक खुलासा इथेच करतो : अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर सीएस५०चे स्वतःचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते, तर ओळख पडताळून एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळाकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला पैसे पडतात. शिकण्यासाठी या दुसऱ्या प्रमाणपत्राची गरज नाही.

एनपीटेल हा आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचा उपक्रम आहे. तिथला अभ्यासक्रम साधारणपणे जानेवारी किंवा जुलैत सुरू होतो आणि ४, ८ किंवा १२ आठवडे चालतो. दर आठवड्याचा गृहपाठ ठरलेल्या तारखेला द्यावा लागतो. शिकणे विनामूल्य असून प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात, आणि प्रमाणपत्रासाठी त्यांत अनुक्रमे किमान १० आणि ३० मिळवावे लागतात. आपल्या मुलीच्या दृष्टीने याचा मोठा लाभ असा की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या पोर्टलवरून (एनपीटेलचे अभ्यासक्रम तिथेच असतात) करून त्यांची श्रेयांके (क्रेडिट) घेण्याची तरतूद आहे. आपले महाविद्यालय कोणते अभ्यासक्रम मान्य करते, हे सत्र सुरू होण्यापूर्वीच तिथल्या समन्वयकांना विचारून घ्यावे. नंतर विचारून उपयोग होत नाही. एनपीटेलचा भर मात्र व्याख्यानांवर आहे, म्हणून रोजचा सराव आपला आपण जोडावा लागतो.

वेब प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या ओडिन प्रोजेक्टची गोष्ट निराळी आहे. तिथे व्हिडिओंपेक्षा वाचन अधिक, आणि पहिल्याच टप्प्यात स्वतःच्या संगणकावर लिनक्स या कार्यप्रणालीचे वातावरण उभे करायला सांगितले जाते. व्यवसायातले काम असेच चालते, म्हणून तो अभ्यासक्रम मोलाचा आहे. पण पहिल्या वर्षाला त्याने सुरुवात करू नये.

आमचा सल्ला असा : सत्र सुरू असताना तिने एनपीटेलचा पायथनचा एक अभ्यासक्रम घ्यावा, आयआयटी रोपडचा 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग' नवशिक्यांसाठी चांगला आहे, आणि परीक्षेची नोंदणी पहिल्या काही आठवड्यांतच करून टाकावी, कारण तारीख ठरली की अभ्यास होतो. सुटीत सीएस५० घ्यावा. कोड ओळीओळीने कसा चालतो आणि कोणत्या क्षणी कुठे काय साठवले जाते हे चित्रात दाखवणारे 'पायथन ट्यूटर' हे विनामूल्य साधन सोबत ठेवावे. लूप आणि फंक्शन समजताना त्याचा फार उपयोग होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटविषयीही आपण विचारले आहे. तयार उत्तर मागण्यासाठी पहिल्या वर्षी त्याचा वापर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सीएस५०ने २०२३ पासून आपल्या विद्यार्थ्यांना जो मदतनीस दिला आहे तोही थेट उत्तर न देता प्रश्न विचारून वाट दाखवेल अशा बेताने घडवलेला आहे. चूक दाखवणारा संदेश (एरर मेसेज) समजावून घेण्यापुरते साहाय्य घ्यावे, कोड मात्र स्वतः लिहावा.

प्रश्न : मी खेड तालुक्यातील असून पुण्यात कॉम्प्युटरच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होते. राहण्या-जेवणाच्या खर्चामुळे लॅपटॉप घेणे शक्य नाही, फक्त मोबाइल आहे. इंग्रजी व्हिडिओ समजत नाहीत. मी कसे शिकावे? — एक विद्यार्थी, शिवाजीनगर

उत्तर : आपल्यासाठी पहिले नाव आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाचे. सी, सी++, जावा, पायथन, लिनक्स अशा विषयांवरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तिथे मराठी आवाजात विनामूल्य मिळतात, उतरवून घेता येतात, आणि निवेदनाचा मजकूरही सोबत असतो. पडद्यावरचे सारे इंग्रजीत आणि समजावणे मराठीत, ही रचना आपल्याला फार सोयीची पडेल, कारण परीक्षेत आणि पुढे नोकरीत लागणारे इंग्रजी शब्द नजरेखालून जातच राहतात. थोडे पाहायचे, थांबवायचे, तेवढे स्वतः करायचे आणि मग पुढे जायचे, अशी ही पद्धत आहे. केवळ पाहत गेल्यास तिचा उपयोग निम्माही होत नाही.

एक सावधगिरी बाळगावी. तिथल्या काही मालिका जुन्या आवृत्त्यांवर बेतलेल्या आहेत. पायथन २ मध्ये 'प्रिंट'ला कंस लागत नसे, पायथन ३ मध्ये लागतो. पायथन २ ला मिळणारा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० पासून थांबला आहे. पाठात दाखवलेली ओळ आपल्याकडे चालली नाही तर आधी आवृत्तीचा हा फरक तपासावा, आपल्याला जमत नाही असे लगेच मानू नये.

मोबाइलवर पाठ पाहता येतात आणि लहान प्रोग्रॅम चालवताही येतात. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये उघडून पायथन लिहिता येतो. मात्र मोबाइलच्या कीबोर्डवर कंस, अवतरणचिन्हे आणि ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा सांभाळत बसणे फार त्रासाचे असते. ओटीजीची छोटी जोडणी घेऊन साधा यूएसबी कीबोर्ड मोबाइलला लावल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो, आणि त्याला लॅपटॉपच्या तुलनेत नगण्य खर्च येतो. पाठ रात्री खोलीवर पाहावा, कोड कागदावर लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत तो चालवून पाहावा. तास संपल्यावर प्रयोगशाळा वापरू देण्याची विनंती विभागप्रमुखांना लेखी करावी. गरज खरी असेल तर अशी विनंती सहसा नाकारली जात नाही.

राहण्याच्या खर्चाचे म्हणाल तर, पालक अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असल्यास डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची माहिती राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर पाहावी. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला येणाऱ्यांसाठी १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहांचीही चौकशी अवश्य करावी.

प्रश्न : मी रिक्षाचालक आहे. मुलीला यंदा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. कुणी महाडीबीटी म्हणते, कुणी एनएसपी, कुणी मोबाइलवर खासगी शिष्यवृत्ती पोर्टलची लिंक पाठवते. अर्ज कुठे करू? सगळीकडे केला तर चालेल का? — एक पालक, कात्रज

उत्तर : मुलीचे आणि आपले मनःपूर्वक अभिनंदन. आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, पण पहिल्यापासून सुरुवात करू.

महाडीबीटी हे राज्य शासनाचे पोर्टल आहे, आणि शासनाच्या विविध विभागांच्या शिष्यवृत्त्या व शुल्कसवलती तिथून मिळतात. एनएसपी, म्हणजे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, मुख्यतः केंद्राच्या योजनांसाठी आहे. बडी४स्टडी, विद्यासारथी यांसारखी पोर्टल कंपन्यांच्या आणि न्यासांच्या शिष्यवृत्त्यांसाठी उपयोगी पडतात. त्यांतल्या काहींचे अर्ज तिथेच भरले जातात. सरकारी योजनेविषयी खासगी पोर्टलवर जे लिहिलेले असते ते केवळ खबर म्हणून वाचावे. उत्पन्नाची मर्यादा, शेवटची तारीख आणि कागदपत्रे यांसाठी शासन निर्णय किंवा मूळ पोर्टलच पाहावे, कारण मागील वर्षीची माहिती तशीच राहून गेल्याचे अनेकदा आढळते.

आपल्या मुलीसाठी सर्वांत मोठा आधार राज्याच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाचा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत १०० टक्के सवलत त्या निर्णयाने दिली. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती लागू नाही. विकास शुल्क व इतर शुल्के तिच्यात येत नाहीत, त्यामुळे 'सगळे माफ' असे समजून प्रवेशाला जाऊ नये. महाविद्यालयाकडून शुल्काचा तपशील शीर्षकानुसार लेखी मागावा. मुलगी अनुसूचित जाती किंवा जमातीची असल्यास त्यांच्यासाठीच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्याही महाडीबीटीवरच आहेत.

एनएसपीवर तिच्या उपयोगाच्या दोन योजना आहेत. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्रगती शिष्यवृत्ती तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख असून एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते आणि निवड गुणांवर होते. दुसरी केंद्रीय क्षेत्र योजना : बारावीला आपल्या मंडळाच्या ८० व्या पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये आणि अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षी २०,००० रुपये. इथे ८० टक्के गुणांची अट आहे असे समजून पुष्कळ पालक अर्जच करत नाहीत. पर्सेंटाइल ही मंडळातील इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेतली जागा आहे, टक्के कमी असले तरी ती वर असू शकते.

आता सगळीकडे अर्ज करण्याविषयी. केंद्रीय क्षेत्र योजनेच्या नियमांत राज्याची शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलत घेणाऱ्याला लाभ नाही, आणि प्रगतीच्या नियमांतही दुसरी सरकारी शिष्यवृत्ती सोबत घेण्यास मनाई आहे. म्हणून आधी हिशेब मांडावा. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क ५०,००० रुपयांपेक्षा बरेच अधिक असते, तेव्हा आपल्या मुलीला राज्याची सवलतच फायद्याची. हीच मुलगी शासकीय तंत्रनिकेतनात पदविका करत असती तर तिथले शुल्क मुळात कमी असल्यामुळे प्रगतीचे ५०,००० रुपये अधिक मोलाचे ठरले असते. एकाच कुटुंबातल्या दोघी बहिणींची उत्तरेही अशी वेगळी येऊ शकतात, म्हणून शेजाऱ्याने कुठे अर्ज केला यावरून आपला निर्णय घेऊ नये.

खासगी शिष्यवृत्त्यांना सहसा ही अडचण येत नाही, मात्र प्रत्येकीची अट वाचावी. पुण्यातील मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन १९९० च्या दशकापासून काम करत आहे. पैशांबरोबर कौशल्यांचे प्रशिक्षणही तिथे मिळते, आणि अभियांत्रिकीच्या मुलीला त्याचा पुढे मुलाखतीत उपयोग होतो. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पहिल्या वर्षातच अर्ज करण्याची आहे आणि तिच्यासाठी ऑनलाइन अभियोग्यता चाचणी द्यावी लागते; संपूर्ण पदवीसाठी मिळून २ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आपण महापालिकेच्या हद्दीत राहत असल्याने पुणे महानगरपालिकेची साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची बारावी उत्तीर्णांसाठीची योजनाही पाहावी. ती सर्वसाधारणपणे ८० टक्के आणि त्याहून अधिक गुणांसाठी असून मागास प्रवर्ग, महापालिका शाळा व रात्रशाळा यांना गुणांची अट शिथिल आहे.

कागदपत्रांत सर्वांत आधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाती घ्यावा, कारण बहुतेक प्रत्येक अर्ज तिथेच अडतो. दाखल्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव अक्षरशः एकसारखे आहे ना, हे अर्ज भरण्यापूर्वी तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासावे.

प्रश्न : महाडीबीटीवर माझा अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात पैसे आलेले नाहीत. बँकेत आधार जोडलेले आहे असे बँक सांगते. — एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : 'आधार खात्याला जोडलेले आहे' आणि 'अनुदानासाठी हेच खाते निवडलेले आहे' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. थेट लाभाचे पैसे आधार क्रमांकावरून पाठवले जातात तेव्हा ते राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत त्या आधारापुढे जी बँक असेल तिथे जातात, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते : सर्वांत शेवटी नोंदवलेली. आपण अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला होता, याने यात फरक पडत नाही. मोबाइल कार्ड घेताना किंवा शाळेत असताना एखादे शून्य शिल्लक खाते उघडले गेले असेल तर पैसे तिथे जाऊन पडलेले असतात, किंवा ते खाते बंद असल्यास परत फिरलेले असतात.

आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहावे. तिथे बँकेचे नाव आणि नोंद चालू आहे की नाही हे दिसते. दुसऱ्याच बँकेचे नाव आल्यास आधी त्या खात्यातील व्यवहार तपासावेत. नोंद बंद असल्यास आपल्या शाखेत जाऊन थेट लाभासाठी आधार नोंदणीचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. 'आधार लिंक करा' एवढेच तोंडी सांगितल्यास पुष्कळदा पहिली नोंदच पुन्हा होते आणि दुसरी राहून जाते.

नोंद बरोबर असूनही पैसे आले नसतील तर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात अर्जाचा क्रमांक देऊन चौकशी करावी. पुढील वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो, तो आपोआप होत नाही, आणि दुरुस्तीसाठी परत आलेला अर्ज विद्यार्थ्याने पुन्हा सादर केल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून मंजुरी मिळेपर्यंत दर आठवड्याला पोर्टल उघडून पाहावे.

प्रश्न : एका खासगी ऑनलाइन संस्थेने मुलाला सहा महिन्यांत नोकरीची हमी देऊन कोडिंगचा अभ्यासक्रम सुचवला आहे. 'शिष्यवृत्ती' म्हणून निम्मी फी माफ, उरलेली हप्त्याने. घ्यावा का? — एक पालक, पिंपरी

उत्तर : घाईने घेऊ नये. हप्त्याची सोय बहुतेक वेळा संस्था देत नसते; एखादी वित्तसंस्था कर्ज देते, फी एकरकमी शिकवणी संस्थेला मिळते आणि हप्ते आपल्या नावावर राहतात. मुलाने मध्येच अभ्यासक्रम सोडला तरी कर्ज सुटत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना याच प्रकारांबद्दल सावध केले होते आणि खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची परवानगी देऊ नये असे सुचवले होते. कागदावर कर्ज देणाऱ्याचे नाव, परतावा मागण्याची मुदत आणि 'हमी'चा नेमका अर्थ लिहून मागावा. हे लेखी मिळत नसेल तर तिथेच थांबावे. आधी फी चढी सांगून मग निम्मी करणे याला आम्ही शिष्यवृत्ती मानत नाही.

मुलगा अभियंता असेल आणि पूर्ण वेळ देऊ शकत असेल तर सी-डॅकच्या प्रगत संगणनाच्या सहा महिन्यांच्या पदव्युत्तर पदविकेचा विचार करावा. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे मुख्यालय पुण्यातच आहे, प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो आणि शुल्क जाहीर असते. तेवढा खर्च शक्य नसल्यास इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड हे ऑनलाइन शिकण्याचे व्यासपीठ विनामूल्य आहे. कोर्सेरावर विशिष्ट अभ्यासक्रम हवा असेल तर अर्थसाहाय्याचा अर्ज करावा. आपली गरज आणि शिकण्याचा हेतू लिहून द्यावा लागतो आणि निर्णयाला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून तो वेळ धरून चालावे.

प्रश्न : मी अनुदानित मराठी शाळेत आठवीला शिकवते. मुलांना कोडिंगची आवड लावायची आहे आणि गरीब मुलांना काही आर्थिक मदत मिळते का तेही हवे आहे. — एक शिक्षिका, येरवडा

उत्तर : कोडिंगसाठी स्क्रॅच घ्यावे. एमआयटीत तयार झालेले हे साधन विनामूल्य आहे आणि शाळेच्या संगणकावर एकदा बसवले की इंटरनेटशिवाय चालते. एका संगणकावर दोन मुले बसवावीत आणि ठरावीक वेळाने जागा बदलायला लावावी. एकटे बसलेले मूल खेळत राहते, दोघे असली की आपण काय करतो आहोत हे एकमेकांना सांगावे लागते.

आर्थिक मदतीसाठी एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, चुकवू नये. आठवीत ही परीक्षा होते आणि महाराष्ट्रात ती पुण्यातील राज्य परीक्षा परिषद घेते. सातवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के गुण आणि ३.५ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न ही पात्रता आहे. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० गुणांचे दोन पेपर असतात. अर्ज शाळेमार्फत भरायचा असल्याने पुढाकार आपल्यालाच घ्यावा लागेल. निवडयादीत नाव आल्यावर एनएसपीवर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि गुणवत्ता यादीत आलेली काही मुले केवळ या टप्प्यावर सुटतात. यादी लागताच त्या मुलांच्या पालकांना आधार आणि बँकेची कागदपत्रे घेऊन शाळेत बोलवावे आणि नोंदणी शाळेच्या संगणकावर बसूनच पूर्ण करून घ्यावी.